गॅरेट बॅरीची

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा इथं आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि मिरजेत दुपारचा दीड. तिचं जेवण झालेलं असतं, माझा चहा व्हायचा असतो. जुलैतल्या एका रविवारी फोन उचलला तेव्हा माझ्या हातात व्हिसल होती, म्हणजे इथली छोटी सहा भोकांची बासरी. "थांबलास का? वाजव की," ती म्हणाली. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वाजवायला लागलो. आई गेली तीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरते. दुसरी ओळ संपायच्या आत तिचा उजवा हात मांडीवर पडायला लागला, तिसऱ्या ओळीला ती पुटपुटली, "दादराच आहे की हा." आणि संपल्यावर विचारलं, "चाल कुणाची रे ही?"

"गॅरेट बॅरीची."

"म्हणजे त्यानं बांधलेली?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

आपल्या षष्ठीच्या 'ची'त बरंच काही मावतं. ज्ञानोबांची ओवी म्हणजे ज्ञानोबांनी रचलेली. आईची आमटी म्हणजे आईनं शोध लावलेली आमटी नव्हे. ती तिच्या हातची. आयरिश पारंपरिक संगीतात एखाद्या चालीला माणसाचं नाव असतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्थानं. चाल त्याच्या आधीपासून फिरत असेल, नसेल, तो मुद्दाच नसतो. ती त्याच्याकडून ऐकली, त्याच्या हातची होती, म्हणून त्याची. ज्या चालींना असं कुठलंच नाव चिकटलं नाही त्यांच्यापुढे संग्रहांत 'गन आनिम' असे दोन आयरिश शब्द छापतात. अर्थ, बिननावाची. आईला मी आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांची आठवण करून दिली. तिथं पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून आधीच्या कुठल्यातरी पदाची नाहीतर लावणीची ओळ दिलेली असते. ती ओळ चालीचा कर्ता सांगत नाही. ही चाल तुम्ही कुठं ऐकली असेल ते सांगते. तिला लगेच पटलं.

तर गॅरेट बॅरी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाची काउंटी आहे. तिथं एनिसहून एनिस्टायमनला जाणाऱ्या रस्त्यावर आयना हे गाव लागतं. गॅरेट तिथला. जन्म १८४७ चा. आयरिश माणसाला या सालाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही, ते 'ब्लॅक फॉर्टीसेव्हन' म्हणूनच ओळखलं जातं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा कुजलं. गरिबांचं पोट बटाट्यावरच होतं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापाच्या साथींनी गेली, तितकीच देश सोडून गेली. क्लेअरला याचा फार मोठा तडाखा बसला. त्या वर्षात जन्मलेलं हे मूल जगलं, पण लहानपणीच त्याचे डोळे गेले.

एनिस्टायमनहून लहिंचकडे जाताना रस्त्याच्या कडेला दुष्काळाचं एक स्मारक आहे. १९९५ मध्ये, दीडशे वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. मी दोनदा थांबलोय तिथं. एका बाजूला भलंमोठं बंद दार आणि त्याच्यासमोर अनवाणी उभा एक लहान मुलगा. समोरच्या बाजूला एका आईचा चेहरा आणि आवळलेल्या मुठी. मुलाच्या अंगरख्याला टाचलेली एक चिठ्ठी होती, तिचा मजकूर तिथं कोरलाय. तारीख २५ फेब्रुवारी १८४८. लहिंचचा मायकेल राइस, वय सुमारे चार वर्षं, बाप गेल्या वर्षी गेला, आई गेल्या बुधवारी रात्री गेली आणि तिला आता शवपेटीशिवाय पुरत आहेत, असं त्यात आहे. ते दार वर्कहाऊसचं. १८३८ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही आश्रयस्थानं. आत घेताना नवरा, बायको, मुलं वेगवेगळी करायची आणि खाण्याच्या बदल्यात काम करून घ्यायचं. त्या फेब्रुवारीत काही मैलांवर आयनामध्ये गॅरेट वर्षाचाही नसेल, नाहीतर नुकताच झाला असेल. मी तिथं उभा होतो तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि मला त्या मुलाच्या पायांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

आंधळ्या मुलाला त्या काळच्या आयर्लंडमध्ये एक वाट मोकळी होती: त्याच्या हातात वाद्य द्यायचं. शेतात त्याला काही करता येणार नाही, निदान वाजवून खाईल. फिडल, म्हणजे व्हायोलिन, किंवा पाइप्स, म्हणजे बॅगपाइप. त्यामुळे जुन्या पायपरांची नावं वाचायला लागलं की अंध वादक पुन्हा पुन्हा भेटतात. गॅरेट पाइप्स शिकला आणि आयुष्यभर पश्चिम क्लेअरमधल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन वाजवत राहिला. एका घरी काही दिवस मुक्काम, संध्याकाळी शेजारपाजारचे जमायचे, नाच व्हायचा, मुलांना दोन चाली शिकवायच्या आणि पुढचं घर. १८९९ मध्ये तो गेला. त्याचा शेवट एनिस्टायमनच्या वर्कहाऊसमध्ये झाला असं क्लेअरमध्ये सांगतात. त्याचा आवाज कुठल्याही यंत्रावर टिपलेला नाही, आणि स्वतः कागदावर काही उतरवून ठेवणं त्याला शक्यच नव्हतं.

मग ही जिग, म्हणजे ही नाचाची चाल, माझ्या स्वयंपाकघरात आली कुठून?

ते सांगायच्या आधी त्याच्या वाद्याविषयी सांगायला हवं. बॅगपाइप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मराठा लाइट इन्फंट्रीचं बँड पथक नाहीतर पोलिस बँड येतो. उभ्यानं, तोंडानं फुंकून वाजवायचा, मैदानभर ऐकू जाणारा. तो स्कॉटिश घाटाचा. आयरिश इलन पाइप्स त्याचे भाऊबंद खरे, पण स्वभाव अगदी निराळा. 'इलन'चा संबंध कोपराशी आहे. वादक खुर्चीत बसतो. उजव्या कोपराला पट्ट्यानं एक छोटा भाता बांधलेला असतो, आपल्या पेटीला असतो त्याच कामाचा. तो कोपरानं दाबत राहायचं, हवा डाव्या काखेतल्या पिशवीत जाते. तोंड मोकळं. श्वासातली वाफ आत जात नाही, म्हणून आतल्या पातळ पत्त्या कोरड्या राहतात आणि आवाज मऊ येतो, खोलीत मावेल इतका. बोटं चालतात ती चँटरवर, म्हणजे भोकांच्या नळीवर, त्याला दोन सप्तकं आहेत. शिवाय तीन ड्रोन, एकाच सुरात गुणगुणत राहणारे. सनईबरोबर एक जण नुसता सूर धरून बसतो, तेच काम. आणि मांडीवर आडवे रेग्युलेटर, त्यांच्या चाव्या मनगटानं दाबून मध्येच दोन-तीन सुरांचा भरणा करता येतो.

मला सगळ्यात आवडतं ते मांडीवरचं चामडं. वादक उजव्या मांडीवर चामड्याचा एक चौकोनी तुकडा ठेवतो. चँटरचं खालचं तोंड त्यावर टेकवलं आणि सगळी भोकं बंद केली की सूर थांबतो. बाकीच्या बहुतेक बॅगपाइपांना चालू वादनात गप्प बसता येत नाही, हवा आहे तोवर सूर आहे. याला गप्प बसता येतं. त्यामुळे तुटक सूर काढता येतात, एकेक दाणा वेगळा. आमच्या बाई वाजवतात तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे न बघता त्या चामड्याकडेच बघत असतो. चँटर टेकतं, उचलतं, टेकतं. चामडं मधोमध काळंभोर आणि गुळगुळीत झालंय. पायपर व्हायला एकवीस वर्षं लागतात अशी इथं जुनी म्हण आहे: सात शिकायची, सात रियाझाची, सात वाजवायची.

बाई म्हणजे आमच्या संध्याकाळच्या वर्गाच्या शिक्षिका. इथं सगळे शिक्षकांनाही पहिल्या नावानं हाक मारतात, मीही मारतो, पण मनात त्या बाईच आहेत. वर्गात कागद नसतो. बाई दोन मात्रांचा तुकडा वाजवतात, आपण वाजवायचा, मग पुढचा. एका संध्याकाळी त्यांनी ही जिग सुरू केली आणि सांगितलं, "ही गॅरेट बॅरीची. म्हणजे विली क्लॅन्सीकडून. म्हणजे त्याच्या वडिलांकडून." कुणाची, हे सांगायला त्यांना तीन माणसं लागली.

त्यातला मधला माणूस मला फार जवळचा वाटतो. गिल्बर्ट क्लॅन्सी, विलीचा बाप. मिलटाउन मॉलबे या गावाजवळ आयलंडबॉनला राहणारा. लाकडी फ्लूट आणि काँसर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, वाजवायचा. पाइप्स वाजवत नव्हता. त्याच्या घरी गॅरेट बॅरी येऊन राहायचा, वाजवायचा, आणि वयानं बराच लहान गिल्बर्ट ऐकत बसायचा. ऐकलेलं सगळं त्यानं धरून ठेवलं. नुसत्या चाली नाहीत, तर गॅरेट अमुक ठिकाणी काय करायचा, कुठं सूर दाबायचा, कुठं तोडायचा, हेसुद्धा. गॅरेट गेल्यावर १९ वर्षांनी, १९१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, गिल्बर्टला मुलगा झाला, तो विली. विली पायपर झाला नसता तर गिल्बर्टकडचा तो बारकावा त्याच्याबरोबरच गेला असता, आणि हे गिल्बर्टच्या हातात नव्हतं. तो आपला मुलाला व्हिसल आणि फ्लूट शिकवत राहिला, आणि ज्या वाद्याला आपण हात लावला नाही त्याच्याबद्दल बोलत राहिला. लहान विलीनं पाइप्स प्रत्यक्ष ऐकायच्या आधी कित्येक वर्षं पाइप्सच्या गोष्टी ऐकल्या.

आपल्याकडे घराण्यांच्या कथांत शिष्य उस्तादाच्या घरी पाणी भरतो आणि गळ्यातली गायकी गळ्यात घेतो. इथं मधली कडी त्या वाद्याची नव्हतीच. पाइप्सवरून फ्लूटवर, फ्लूटवरून पुन्हा पाइप्सवर. मला हे जवळपास अशक्य वाटतं. फ्लूटला श्वास लागतो, ओळ मध्येच तोडून दम घ्यावा लागतो. पाइप्सला ती अडचण नाही. तुटक सूर फ्लूटवर वेगळ्या तऱ्हेनं निघतात. म्हणजे गिल्बर्ट जे वाजवत होता त्यापेक्षा जे त्याला ऐकू येत होतं ते त्यानं मुलाला दिलं असणार. शब्दांनी, गुणगुणून, बोट वर करून, 'इथं बघ' म्हणून.

१९३६ मध्ये मिलटाउन मॉलबेच्या घोड्यांच्या शर्यतींना जॉनी डोरन आला. डोरन भटक्या समाजातला, विकलो काउंटीचा. घोडागाडी घेऊन जत्रा-बाजार फिरायचा आणि वाजवायचा. सतरा वर्षांच्या विलीनं पाइप्स पाहिले ते त्याच्या मांडीवर. दोन वर्षांनी जॉनीचा भाऊ फीलिक्स याच्याकडून त्याला शिकाऊ संच मिळाला, म्हणजे नुसता भाता, पिशवी आणि चँटर. त्यावर त्यानं वडिलांकडच्या चाली बसवायला घेतल्या. डोरनचं वादन मोकळं, वाहतं, उघड्या माळावर गर्दी थांबवणारं. त्याचे सूर एकात एक ओघळतात. १९४७ मध्ये डब्लिनमध्ये त्याचं थोडंसं वादन तबकड्यांवर टिपून घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी वादळात त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, आणि १९५० मध्ये तो गेला. विलीनं त्याच्याकडून बरंच घेतलं, पण वडिलांनी सांगितलेलं सोडलं नाही. त्याची ध्वनिमुद्रणं आज ऐकताना मला दोन्ही ऐकू येतात: ओळ वाहत वाहत येते आणि अचानक तीन दाणे वेगवेगळे पडतात. ते दाणे ऐकले की मला आयनाचा तो माणूस आठवतो, ज्याला मी कधी ऐकू शकणार नाही.

विली पेशानं सुतार होता. क्लेअरमध्ये तेव्हा वाजवून पोट भरणं शक्य नव्हतं, आणि वाजवायच्या जागाही आटत होत्या. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचांना परवाना लागेल असा कायदा झाला. कायदा नाचघरांसाठी होता, पण गावोगावचे पाद्री आणि पोलिस तो घेऊन शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांतही शिरले. ज्या घरगुती मैफलींवर गॅरेटसारखा माणूस जगला होता, त्याच बंद व्हायला लागल्या. वरून स्थलांतर. विलीही डब्लिनला गेला, तिथून लंडनला, सुतारकाम करत. १९५७ मध्ये गिल्बर्ट वारल्यावर तो मिलटाउनला परतला आणि मग तिथंच राहिला. त्याच्याकडे शिकायला, ऐकायला, नुसतं बसायला माणसं यायची. १९७३ च्या जानेवारीत तो अचानक गेला, वय अवघं ५४. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मित्रांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्या नावानं संगीताची शाळा भरवली. ती आजही जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर भरते.

आधीच्या पिढीत चाली जमवण्याचं दुसरं एक मोठं काम अटलांटिकपलीकडे झालं होतं. कॉर्कचा फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलिस प्रमुख झाला आणि तिथल्या आयरिश स्थलांतरितांकडून गोळा केलेल्या १८५० चालींचा ग्रंथ त्यानं १९०३ मध्ये छापला. त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण छापील सुरांत तो दाणा कुठं तुटतो ते येत नाही. तेवढ्यासाठी गिल्बर्टच लागतो.

यंदा मी शाळेला गेलो होतो. मिलटाउन मॉलबे म्हणजे एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना पब, दुकानं, घरं. वर्ग शाळेत भरतात, घरांच्या बैठकीच्या खोल्यांत भरतात, स्वयंपाकघरांतही. एका घरात दहा-बारा वर्षांची सहा मुलं पाइप्स बांधून गोलात बसली होती, भाते एका लयीत वर-खाली होत होते, आणि खिडकीतून रस्त्यावरच्या कुणाची तरी फिडल आत येत होती. एका मुलीचं ड्रोन सारखं बिघडत होतं. शिकवणारे गृहस्थ उठले, तिच्या ड्रोनमधली पत्ती काढली, तिच्यावर केसाएवढा दोरा गुंडाळला, परत बसवली. गुणगुण सुरात आली. मुलीनं मान हलवली आणि पुढं सुरू. १९६८ मध्ये पायपरांची संघटना, 'ना पीबरी इलन', स्थापन झाली तेव्हा साऱ्या आयर्लंडमध्ये शंभरही पायपर उरले नव्हते असं सांगतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या खोलीत ही मोठी नावं कुणाच्या डोक्यात नव्हती. दोरा नीट बसला की नाही, एवढंच होतं.

संध्याकाळी एका पबच्या मागच्या खोलीत बाईंनी मला शेजारी बसवलं. ही जिग आली. तालाच्या आवर्तनांसारखे आठ खण, दोनदा. मग दुसरा भाग, आठ खण, दोनदा. अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते, म्हणून तीनदा फिरवतात. दर खणात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट. आईनं दादरा ओळखला तो यावरून. पण तीन सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा चिमटीत धरल्यासारखा आखूड, तिसरा मधला. ते कुणी मोजत नाही, पायात येतं. डी हा षड्ज धरला तर सूर खमाज थाटाचे, निषाद कोमल. राग खमाज नव्हे, नुसते ते सूर.

आणि सगळी गंमत त्या निषादात आहे. इथं त्याला सी नॅचरल म्हणतात. पेटीवर जिथं आहे तिथं तो पायपरांच्या हातात नसतो, जरासा चढा असतो, कोमल आणि शुद्धाच्या मधोमध कुठंतरी. व्हिसलवर मी तो वरचं भोक मोकळं आणि खालची दोन बंद ठेवून काढत होतो, स्वच्छ, पेटीसारखा. बाईंनी पहिल्या फेरीनंतर माझ्या कानाजवळ येऊन सांगितलं, "फार नीट आहे. वर ढकल थोडा." दुसऱ्या फेरीत मी बोट किंचित उचललं. तिसऱ्या फेरीत खोलीतला सूर आणि माझा सूर एक झाला आणि मला माझी व्हिसल ऐकू येईनाशी झाली.

हे सगळं मी आईला सांगितलं त्या रविवारी. पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा ती खुर्चीत नीट बसून तयार होती. "ऐक," म्हणाली, आणि तिनं पहिला भाग गुणगुणला. शब्दांशिवाय, मांडीवर ताल धरून. तिसऱ्या खणात एक सूर तिचा स्वतःचा होता. निषादावर आली तेव्हा भजनात 'विठ्ठला'च्या शेवटी घेते तशी छोटी मींड घेतली, आणि सूर बरोब्बर त्या मधल्या जागी जाऊन थांबला.

"आता दुसरा भाग सांग," ती म्हणाली.

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला.